सतरावं गाणं

त्या अल्बमवर सोळा गाणी आहेत. माझ्या कॅसेटवर सतरा आहेत. सतरावं गाणं त्या बँडचं नाही, इंग्रजीही नाही. ते माझ्या आईचं आहे, जेमतेम अडीच मिनिटांचं, आणि ते तिथे उरलं यात माझं काही पुण्य नाही. बाकीचं सगळं मी पुसलं, एवढी अडीच मिनिटं माझ्या तावडीतून सुटली.

बँडचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की माहीतगार लोक लगेच त्यांच्या दुसऱ्या अल्बमांची चौकशी सुरू करतात आणि माझं डोकं फिरतं. ऐंशीच्या दशकातला, इंग्लंडातल्या एका धुरकट कारखान्यांच्या गावातला चार जणांचा बँड होता, एवढं पुरे. थोडी वर्षं एकत्र वाजवलं, मग भांडले आणि आपापल्या वाटेने गेले. त्यांच्यानंतर गिटार हातात घेतलेल्या निम्म्या पोरांनी त्यांच्याकडूनच उचललं, असं जाणकार म्हणतात. ते खरं असेल. मी जाणकार नाही. मी उरणजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि माझं निम्मं इंग्रजी या सोळा गाण्यांमधून आलेलं आहे.

हा त्यांचा धड अल्बमही नव्हे. संकलन आहे. ज्या गाण्यांना नेटक्या अल्बमांत जागा मिळाली नाही ती गाणी, छोट्या तबकड्यांच्या मागच्या बाजूला घातलेली, रेडिओच्या स्टुडिओत एका दमात वाजवलेली, अशी सगळी नंतर कुणीतरी गोळा केली. आमच्याकडे हळदीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी उरलेली सगळी कालवणं एका टोपात करून गरम करतात, आणि खरं सांगायचं तर आदल्या दिवशीच्या जेवणापेक्षा तेच चांगलं लागतं. या अल्बमचं तसं आहे. तिसऱ्या गाण्यात गायक एक ओळ आधीच सुरू करतो, थांबतो, हसतो, आकडे मोजतो आणि पुन्हा सुरू करतो. दुसऱ्या कुणी ते कापलं असतं. यांनी ठेवलं. पाचव्या गाण्यात एक माणूस लाँड्रीतल्या वाफेला शिव्या घालतो आणि शेवटी कळतं की ती नोकरी सुटल्यापासून त्याला सकाळी उठायला कारणच उरलेलं नाही. गिटारवाला कधी पुढे येऊन मिरवत नाही, मागे बारीक बारीक सूर विणत बसतो. गायक रडतो, पण रडता रडता स्वतःलाच चिमटा काढतो. सतराव्या वर्षी मला वाटलं होतं, इतकं दुःखी असूनही माणसाला असं वात्रट राहता येत असेल तर जगायला हरकत नाही.

आता आईबद्दल सांगते. आई धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न भटजी लावतो, पण ते उभं राहतं धवलारिणीच्या गळ्यावर. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक कामाला तिचं गाणं लागतं, त्याला धवला म्हणतात. धवला जोडीने गायचा असतो. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलून परत म्हणायची. आई ओळ म्हणायची आणि तिची जोडीण ती उचलायची. ही जोडीण पलीकडच्या गावची. आम्ही तिला मावशी म्हणायचो, नात्याने ती कुणीच नव्हती. दोन गावांच्या मध्ये मिठागरं होती. हंगामात लग्नाचं बोलावणं आलं की मावशी बांधावरून चालत यायची, आणि तिची साडी लांबून दिसली की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

धवल्यात सगळ्यात अवघड असतं ते आवतण. लग्नाला देवांना बोलवायचं, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाला नावाने बोलवायचं, अमुक बाबा या, तमुक आयो या, तुमच्या नातवाची हळद आहे. आमच्या घराची नावं आईला पाच पिढ्यांपर्यंत पाठ होती. वहीत लिहून ठेव म्हटलं तर ती चिडायची. लिहिलेला माणूस वहीत बसून राहतो, मांडवात येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. वडील गेल्यावर तिने त्यांचंही नाव त्या ओळीत घेतलं. एरवी आईने वडिलांचं नाव कधी उच्चारलं नाही, रेशनच्या दुकानातसुद्धा ती मला पुढे करायची. फक्त आवतणात ती ते नाव घ्यायची, मोठ्याने, सुरात, आणि त्या वेळी तिच्याकडे बघायची मला लाज वाटायची.

दादाचं लग्न ठरलं त्याच वर्षी आईच्या गळ्याशी गाठ आली. मोरा बंदरातून लाँचने मुंबईला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं की गाठ काढावी लागेल आणि आवाज राहील याची खात्री देता येणार नाही. आई घरी आली आणि तिसऱ्या दिवशी दादाला म्हणाली की कुणाचा तरी टेप आण. दादाने गावातून टेपरेकॉर्डर मागून आणला, एक कोरी कॅसेट घातली, आणि आईने एका दुपारी आमच्या घराचा सबंध धवला म्हटला. आवतण तिने शेवटी घेतलं. घरात मांडव नसताना मेलेल्या माणसांना आधी कशाला उठवायचं, शेवटी हळूच बोलवू, असं ती म्हणाली. मी त्या दुपारी कॉलेजात होते. संध्याकाळी मला एवढंच कळलं की कॅसेट झाली आणि दादा ती मावशीकडे देणार आहे, म्हणजे ती पाठ करील आणि लग्नात आईच्या जागी पुढची ओळ, आधी म्हणायची ती, म्हणील.

दादाने कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडले. त्या काळातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, कान मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मग त्याने ती नीट सुरुवातीला गुंडाळली आणि स्वतःच्या खणात ठेवली. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलातून खाट रिकामी झाल्याचा निरोप आला आणि तो आईला घेऊन निघाला.

मी घरी एकटी राहिले. माझी एक मैत्रीण नव्या बंदराच्या प्रकल्पाच्या वसाहतीत राहायची, तिचे वडील इंजिनियर. तिचा मामा जहाजावर होता, त्याने तिला हा अल्बम आणून दिला होता. आई हॉस्पिटलात असतानाचे दिवस मी तिच्या घरी ती गाणी ऐकत काढले, कारण दुसरं काही मला ऐकवतच नव्हतं. आणि मग मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. उद्या सकाळी सामानाचा ट्रक येणार म्हणून तिने सांगितलं, कोरी कॅसेट घेऊन ये, आत्ताच भरून घे, दोन कॅसेटींचा टेप अजून बांधलेला नाही.

कोरी कॅसेट कुठून आणू? मी दादाचा खण उघडला. मित्राच्या टेपवर ऐकायला त्याने जमवलेल्या सगळ्या कॅसेटींवर सिनेमांची नावं होती, एकीवर काहीच नव्हतं. कान मोडलेले दिसले, पण दादा तेव्हा कशाचेही कान मोडायचा, त्याला तेवढंच यंत्रज्ञान यायचं. आईची कॅसेट मावशीकडे गेली असं मी धरूनच चालले होते. घरात वाजवून बघायला टेप नव्हता, आणि मैत्रिणीकडे पोचल्यावर ते सुचलंच नाही. मैत्रीण म्हणाली, अगं याच्यावर होणार नाही. मी कपाळावरची टिकली काढून एका खाचेवर लावली, तिने तिच्या कपाळावरची दुसऱ्या खाचेवर लावली, आणि आम्ही दोघी हसलो. मग तिने बटण दाबलं.

आई घरी आली ती आवाजाशिवाय. नुसती हवा यायची, शब्द ओठांवरून ओळखावे लागायचे. तिने पहिल्या आठवड्यातच दादाला विचारलं की कॅसेट मावशीला दिलीस ना. दादा म्हणाला, दिली. लग्न महिन्यावर आलं तशी मावशी चौकशीला आली. आईने हाताने खुणा करून विचारलं, पाठ झालं का?

मावशी म्हणाली, "कंची कॅसेट? मना कुनी दिली?"

मी तिथेच दारात उभी होते. आईने आधी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, मी दिली. मावशीने शपथ घेतली. आणि मग आई उठली, तिच्या अगदी जवळ गेली, आणि त्या हवेच्या आवाजात म्हणाली, "मी गात न्हाय आता. पुढची ओल तुलाच व्हती. तरी तू माझा गला चोरलास."

मावशी चहा तसाच ठेवून गेली. तिची आणि आईची त्यानंतर भेट झाली नाही.

चार दिवसांनी दादाने लग्नासाठी म्हणून नवा टेप घरी आणला. एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि माझी कॅसेट लावली होती. सोळावं गाणं संपलं. ते नुसतं गिटार आणि आवाजाचं गाणं आहे, ढोल नाही, मध्येच थांबल्यासारखं संपतं. मग जरा खरखर झाली आणि आई गायला लागली. आमच्या पणज्याला बोलवत होती. मी उठून कॅसेट काढली, खाचांवरच्या टिकल्या बघितल्या, परत लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. शेवटचं नाव वडिलांचं होतं. मग कॅसेट संपली. मी पुन्हा तांदूळ निवडायला बसले आणि सगळे निवडून झाल्यावरसुद्धा निवडत राहिले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ठरवलं की उद्या सांगू. उद्या मला वाटलं की लग्न होऊन जाऊ दे. लग्नाला तिसऱ्याच गावची धवलारीण आली. तिला आमची नावं कशी ठाऊक असणार? तिने सगळ्या पूर्वजांना एका ओळीत घाऊक बोलावलं आणि पुढे गेली. आई खांबाला टेकून बसली होती. मी शेजारी गेले तर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आपले मान्साला कुनी नावानं हाक मारली न्हाय." त्यानंतर तर माझी सांगायची उरलीसुरली हिंमत गेली. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला विचारा. आधी ते जड जातं, मग त्याची सवय होते, आणि पुढे पुढे आपण आपल्याला बऱ्यापैकी सज्जन वाटायलाही लागतो.

मी लग्न केलं नाही. आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी, सगळे एकाच घरात राहिलो. माझी खोली आईच्या शेजारची. अल्बम मी सोडू शकले नाही. माणसाला ज्या गोष्टीने एवढं नुकसान केलं तिचा राग यावा, पण मला त्या गाण्यांचा कधी राग आला नाही. उलट ती आणखी आवडत गेली, कारण शेवटी आई होती. फक्त आई घरात असली की सोळाव्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला माझं बोट बटणावर तयार असायचं. इतकी वर्षं ते बोट एकदाही चुकलं नाही.

आईलाही तो अल्बम आवडायला लागला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती गायकाला रडका म्हणायची. "लाव तुझा रडका," अशी सुपारी कातरत खुणावायची. तिसऱ्या गाण्यात तो चुकला की तिला नेहमी हसू यायचं, हवेचं हसू, खांदे हलायचे. "चुकला मेला," म्हणायची. एकदा तिने बराच वेळ ऐकून विचारलं, "ह्याला जोडीन न्हाय का? यकटाच रडतो." मी म्हटलं, त्यांच्यात नसते. ती म्हणाली, मग त्याची ओळ उचलतं कोण? मी म्हटलं, गिटार उचलते. तिला ते पटलं. त्यानंतर ती गिटारकडे नीट लक्ष देऊन ऐकायची आणि बरोबर जागी मान हलवायची. इंग्रजीचं एक अक्षर न कळता त्या अल्बममधलं तिला जेवढं कळलं तेवढं मला मासिकांतले लेख वाचूनही कळलेलं नाही.

आणि अधूनमधून, वर्षातून दोनदा तरी, ती जुनी ट्रंक उघडून बसायची. कॅसेट मावशीने नेली असं ती म्हणायची खरी, पण तिचं मन ते पुरतं मानत नसावं. साड्यांच्या घड्या उलगडून बघायची, परत घालायची. मी विचारलं काय शोधतेस तर म्हणायची, काय न्हाय. ती शोधत असलेली वस्तू पलीकडच्या खोलीत माझ्या टेपात असायची.

मागच्या वर्षी आई गेली. मावशी आली होती. गल्लीच्या तोंडाशी बायकांच्या मागे उभी राहिली, आत आली नाही. दादाने तिला बघितलं आणि मान फिरवली. मीही तिला आत या म्हटलं नाही.

या वर्षी दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. दादाचे आता दोन ट्रेलर बंदरात फिरतात, त्यामुळे डीजे ठरला, हॉल ठरला, सगळं ठरलं. पण मुलगी म्हणाली, मला हळदीला धवला पाहिजे, आपल्या घरचा. दादा म्हणाला, कुणीतरी बघू. वहिनी म्हणाली, मावशी अजून आहेत, त्यांनाच आपली नावं माहीत असतील. दादा ताडकन म्हणाला, "ती सोरून कुनीबी. आईचा गळा नेलेली बाई माझ्या पोरीच्या मांडवात नको."

वहिनी आणि मुलगी आत गेल्यावर मी त्याला सांगितलं. टिकल्यांपासून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हात उगारील, निदान ओरडेल. पन्नाशी उलटलेली मी त्याच्यासमोर शाळेतल्या पोरीसारखी उभी होते.

"मी दिलीच नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"मावशीला. गडबडीत राह्यली. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, दिली म्हणून सांगू, उद्या खणातून काढून देऊन येऊ. खण बघतो तर न्हाय. मना वाटलं, मीच हरवली कुठंतरी."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं भाऊबहीण एकाच ताटातलं खोटं जेवत होतो आणि एकमेकांना ते माहीत नव्हतं. त्याला मावशीचा राग येत नव्हता, तिचं तोंड बघायची भीती वाटत होती. मलाही तेच होत होतं. आईला मात्र खरंच राग होता, कारण तिने आमच्या दोघांवर विश्वास ठेवला होता. मला दादाची दया आली आणि त्याच क्षणी त्याची चीडही आली, आणि दोन्ही मला माझ्याबद्दलच वाटत होतं हे उघड होतं.

"तू जा तिच्याकडं," दादा म्हणाला. "तू मास्तरीण हायस. तुला बोलता येतं."

मी गेले. मिठागरांचे बांध आता नाहीत, तिथे भराव घालून कंटेनरचं यार्ड झालंय, त्यामुळे रस्त्याने वळसा घालून रिक्षाने जावं लागतं. मावशी ओटीवर सुकट निवडत बसली होती. ऐंशीची तरी असेल. मला ओळखलं, बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पिशवीतून टेप काढला. आधी बोलायचं ठरवून गेले होते, पण तिच्यासमोर बसल्यावर आधी कॅसेटच लावली. जागा जरा आधीची लागली होती. सोळाव्या गाण्याचा शेवट वाजला.

"कोन रडतंय ह्यो?" मावशीने विचारलं.

मग खरखर झाली आणि आई सुरू झाली. मावशीचा हात सुकटीत तसाच राहिला.

त्या अडीच मिनिटांत आई प्रत्येक ओळ म्हणून थांबते. मी ते हजार वेळा ऐकलं असेल. मला कायम वाटायचं की गळ्यातल्या गाठीने तिला दम लागत होता, ती श्वास घेत होती. त्या थांबण्याचं मला फार वाईट वाटायचं. आईने पणज्याला बोलावलं आणि ती थांबली, तेवढ्यात मावशीने ती ओळ उचलली. आईच्या पुढच्या ओळीच्या आधी तिने ती बरोबर पुरी केली. पणजीला, आजोबांना, आजीला. एकही ओळ मागेपुढे झाली नाही. त्या रिकाम्या दुपारी टेपसमोर एकटी बसून आई श्वासासाठी थांबत नव्हती. ती मावशीची जागा सोडत होती. वडिलांचं नाव आलं, मावशीने ते परत म्हटलं, आणि कॅसेट संपून बटण वर आलं.

मी तिला सगळं सांगितलं. माझं आणि दादाचंही. माझं झाल्यावर तिने सुकटीचं ताट बाजूला सरकवलं.

"ह्यो तुझे आयशीला सांगाचा व्हता, बाय," ती म्हणाली. "मना म्हाईत व्हता मी न्हाय नेली. तिला म्हाईत नव्हता."

मी रडले. तिने मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. तिला माझी माया आली नाही आणि आल्याचं तिने दाखवलंही नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. जाताना मी लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "यीन. तुझे आयशीसाठी यीन." मग म्हणाली की माझी ओळ उचलायला आता कुणी नाही, तेव्हा जोडीला तू बस. मी म्हटलं, मला गाता येत नाही. "यवढी वरसं आयकलास ना?" ती म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

हळदीच्या दिवशी दादा स्वतः तिला आणायला गेला. दोघांचं वाटेत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, दादाचे डोळे लाल होते. डीजे थोडा वेळ बंद केला. बायका बसल्या, नवरीला पाटावर बसवलं, आणि मावशीने आवतण धरलं. मी तिच्या डाव्या बाजूला, आईच्या जोडिणीची असायची त्या जागी. देव झाले. मग आमची माणसं सुरू झाली, कॅसेटवर उरली होती ती, पणज्यापासून. ती म्हणायची, थांबायची, मी उचलायचे. आवाज बेसूर होता, पण शब्द चुकले नाहीत. पणजा, पणजी, आजोबा, आजी. वडिलांचं नाव मी पहिल्यांदाच सुरात घेतलं.

माझ्या कॅसेटवर तिथे सगळं संपतं. मावशी थांबली नाही. तिने त्याच चालीत पुढचं नाव घेतलं. अमुकबाय ये, तुझे नातीची हळद हाय. आईचं नाव.

आणि ती थांबली. माझी ओळ होती. बायका माझ्याकडे बघत होत्या, नवरी बघत होती. मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने जेवढी जागा सोडायची तेवढी सोडली, आणि मग तीच ओळ पुन्हा म्हटली, तेच नाव घेऊन, आणि पुन्हा थांबली.

मी आईला नावाने हाक मारली.